आकाशातील धन आणि गृहस्थाचा परिप्रश्न

ज्या आकाशाला श्रीभगवंतांनी गीतेच्या सातव्या अध्यायात आपल्या अष्टधा प्रकृतीत गणले, त्या आकाशात आता धनिकांच्या कंपन्या उपग्रह धाडीत आहेत. भारत सरकारनेही २०२० साली हे क्षेत्र खासगी उद्योगांस खुले केले. पण लोकांचे मन निःशंक नाही. राजधानी दिल्लीतील, नोएडा-गुरुग्राममधील गृहस्थ विचारतो, ‘हिवाळा लागला की येथे धड श्वासही घेता येत नाही, मग धनवंतांनी आकाशात द्रव्य का उधळावे?’ ही शंका धर्म्य आहे काय?

गीता प्रश्नास भीत नाही. चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीच्या साधनांत ‘परिप्रश्न’ सांगितला आहे. आणि नवव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन असूयारहित आहे, म्हणूनच भगवान त्यास गुह्यज्ञान सांगतात. दोहोंचे रूप बाहेरून एकच दिसते, पण परिप्रश्न कर्माची परीक्षा करतो आणि असूया कर्त्याचे वैभव पाहून जळते. म्हणून शंका घेणाऱ्याने प्रथम आपले अंतःकरण तपासावे आणि मग निर्भयपणे विचारावे.

दिल्लीशीच निगडित एक उदाहरण घेऊ. उपग्रहांद्वारे इंटरनेट पुरविण्यासाठी निघालेली वनवेब ही कंपनी मार्च २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. दिल्लीच्या भारती समूहाचे सुनील भारती मित्तल यांनी ब्रिटिश सरकारच्या साथीने ती घेतली. दोघांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर घातले. बुडालेल्या कंपनीत जनतेचा पैसा का, असा आक्षेप ब्रिटनमध्ये निघाला. पुढे २०२२ मध्ये रशियाकडून होणारी उड्डाणे थांबली, तेव्हा आपल्या इस्रोने मोबदला घेऊन ऑक्टोबर २०२२ व मार्च २०२३ या दोन खेपांत तिचे ७२ उपग्रह श्रीहरिकोट्याहून कक्षेत पोहोचविले.

यातून काय दिसते? उद्योग एका धनिकाच्या नावे असला, तरी त्यामागे एका राष्ट्राचा कोश आणि दुसऱ्या राष्ट्रातील शास्त्रज्ञांची कित्येक दशकांची तपश्चर्या उभी असते. ज्या ध्वनिलहरीहून सूक्ष्म अशा विद्युल्लहरींवर संदेश चालतो, त्याही सर्वांच्याच ठेवा आहेत. तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा न्याय येथे लागू होतो: जो सर्वांकडून घेतो आणि परत काही देत नाही, त्यास भगवंतांनी चोर म्हटले आहे. म्हणून गृहस्थाने दोन प्रश्न अवश्य विचारावेत. नुकसान झाले तर ते कोणाच्या माथी? आणि लाभ झाला तर तो हिमालयातील दुर्गम खेड्यापर्यंत पोहोचेल, की केवळ धनवंताच्या गच्चीपर्यंत? उत्तर लोकहिताचे असेल, तर तो उद्योगही यज्ञच होय. धनिकाने केला म्हणून तो दूषित होत नाही.

जुलै २०२१ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन व जेफ बेझोस काही मिनिटांची अवकाशसफर करून आले, तेव्हा जगभर टीका झाली. त्यांचा हेतू सात्त्विक की राजस, हे अंतर्यामीच जाणे. कर्माचा हिशेब मागण्याचा अधिकार आपला. अंतःकरणाचा निवाडा आपला नव्हे.

मात्र जो मापदंड दुसऱ्यास, तोच आपल्यासही लावावा. कन्येच्या विवाहात शेजाऱ्यास दिपविण्यासाठी केलेली रोषणाई, कर्ज काढून घेतलेली मोटार, घरातील मोलकरणीचे थकविलेले वेतन, ही आपली लहानशी अवकाशयानेच नव्हेत काय? सतराव्या अध्यायात दंभासाठी केलेला यज्ञ राजस ठरविताना भगवंतांनी रकमेची मर्यादा घातलेली नाही.

तेव्हा सज्जनहो, प्रश्न सोडू नका. असूया मात्र सोडा. धनिकास त्याच्या धनाचा हिशेब विचारा, आणि रात्री निजण्यापूर्वी तोच हिशेब स्वतःस विचारा. आकाश भगवंताचे आहे, आणि आपल्या पेटीतील द्रव्यही त्याचेच आहे. आपण सारे केवळ विश्वस्त आहोत.