पैशाला बांध

‘थेंबे थेंबे तळें साचे’ ही म्हण आमच्या मुलांस अक्षरओळख होण्यापूर्वींच पाठ होते. तथापि थेंब साचतात ते तळ्याला बांध असतो म्हणून, ही त्या म्हणींतील अध्याहृत गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. काटकसरीचा उपदेश करणारे थेंबांचा हिशेब मांडतात. आमच्या मतें खरा नैतिक प्रश्न बांधाचा आहे.

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे जातांना लागणाऱ्या शेंद्रा गांवाचें उदाहरण घेऊं. तेथें आधीं औद्योगिक वसाहत झाली, मोटारींचा कारखाना आला, आणि पुढें दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यांतील ‘ऑरिक’ नगराची उभारणी झाली. त्याचें लोकार्पण २०१९ सालीं झालें. अशा वसाहतींसाठीं शेतजमिनीचें संपादन होतें व मोबदला रोख मिळतो. आतां मराठवाड्यांतील शेत म्हणजे काय, याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. आजोबानें दगड वेंचलेले असतात, बापानें बांध घालून विहीर खणलेली असते, मुलानें तळ्यांतला गाळ आणून टाकलेला असतो. दरसालचे किरकोळ श्रम साचून साचून तें शेत झालेलें असतें, आणि तें एका दिवसांत खाऊन टाकतां येत नाहीं. रोकडीचें तसें नव्हे. तीन पिढ्यांची ती शिल्लक लग्नकार्य आणि मानपान यांत एका हंगामांतही संपूं शकते. असें जेथें घडेल तेथें त्या शेतकऱ्यास उधळ्या म्हणून मोकळें होणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. त्याला कष्ट ठाऊक होते, संचयही ठाऊक होता. परंतु त्या संचयाचा बांध मातीचा होता आणि तो जमिनीबरोबरच गेला.

पैशाला बांध घालावयाचा तो सवयीचाच. खेड्यापाड्यांतील महिला बचत गट पाहावेत. दहा-वीस स्त्रिया दरमहा ठराविक लहानशी रक्कम जमा करतात, तींतूनच गरजवंत सभासदास कर्ज देतात आणि वहींत नोंद ठेवतात. १९९२ सालीं नाबार्डनें असे गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हां तारणाची जागा नियमितपणानें घेतली. दरमहा भरलेली वर्गणी व वेळेवर फेडलेलें कर्ज हीच त्या स्त्रियांची पत ठरली. दररोज दहा रुपये बाजूस टाकल्यास वीस वर्षांत व्याजावांचून ७३,००० रुपये होतात; ही रक्कम कांहीं डोळे दिपविणारी नाहीं. परंतु स्वतःस दिलेला शब्द ज्यानें वीस वर्षें रोज पाळला, त्याच्या हातीं उद्यां एकाएकीं मोठें धन आलें तरी तें वाहून जाणार नाहीं.

यावर कोणी विचारील, ज्याच्या चुलीवर आजचीच भाकरी पुरत नाहीं, त्यानें संचय कशाचा करावा? आक्षेप खरा आहे. उपाशी माणसास काटकसर शिकविणें ही क्रूरताच होय. पुरेशी मजुरी आणि वेळेवर मोबदला देण्याचें समाजाचें ऋण बचतीच्या उपदेशानें फिटत नाहीं. पण ज्यांच्या घरीं महिनाअखेर चार पैसे उरतात, त्या आपणां मध्यमवर्गीयांस ही सबब सांगतां येणार नाहीं. आपण मुलांसाठीं शिल्लक किती ठेवली, हें कोणीही मोजील. ती राखण्याची सवय त्यांस लावली कीं नाहीं, याचा जाब मात्र आपणांसच द्यावा लागेल.