मुक्या रुग्णाचा हकीम

डॉक्टरवर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा प्रश्न आपल्याला स्वतःसाठी पडतो तेव्हा निदान आपल्याला तोंड असते. कुठे दुखते ते सांगता येते, गुण आला नाही तर दुसरा दवाखाना गाठता येतो. मूल आजारी पडले तर रडते. म्हैस चारा सोडते, बकरी ओरडते, कुत्रे कण्हते. कासव मात्र धडधाकट असते तेव्हाही गप्प आणि मरणाला टेकते तेव्हाही गप्प. मान आत ओढून बसलेले कासव झोपले आहे, भ्याले आहे की शेवटचे दिवस मोजते आहे, हे पाळणाऱ्याला कळायलाच कित्येक आठवडे जातात. अशा रुग्णासाठी भरवशाचा डॉक्टर शोधणे म्हणजे नेमके काय शोधणे? विषय किरकोळ वाटेल, पण ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्या वतीने आपण कोणावर आणि कशासाठी विश्वास टाकतो, हा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत नाही.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात हा प्रश्न फार ठळकपणे दिसतो, कारण तेथे दोन मुळश्या आहेत. एक हिंजवडीची, उंच इमारतींची. तेथे फ्लॅटच्या गॅलरीत कासव असते. दुसरी पौडच्या पुढची, भातखाचरांची आणि म्हशींची; तेथे कासव विहिरीत सोडलेले असते, पाणी स्वच्छ राहते म्हणून. पहिल्या मुळशीतले पशुवैद्य कुत्र्या-मांजरांचे आणि दुसरीतले गुरांचे. लाळ्या-खुरकुताची लस टोचणे, अडलेली गाय मध्यरात्री सोडवणे, 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गोठ्यागोठ्यातून फिरणे ही कामे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील माणसे करतात आणि त्यांच्या ज्ञानाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण ते ज्ञान गाईचे आहे. कासव ही लहान आकाराची गाय नव्हे.

उदाहरणच द्यायचे तर आयव्हरमेक्टिन घ्या. गुरांच्या अंगावरचे गोचीड आणि पोटातले जंत घालवणारे हे औषध गोठ्यात रोजच्या वापरातले. तेच कासवाला टोचले तर त्याच्या मज्जासंस्थेवर घाला पडतो; पाय लुळे पडतात आणि बहुधा ते मरते. टोचणारा हात वाईट नसतो, हेतू तर अगदी चांगला असतो. जीवनसत्त्व अ-चेही तसेच. कमी पडले तर कासवाचे डोळे सुजतात, आणि सुई जास्त झाली तर कातडी सोलून निघते. शिवाय कासवाचे रक्त बाहेरच्या हवेबरोबर गरम-गार होते. थंडीत कुडकुडणाऱ्या कासवाला दिलेले औषध त्याच्या अंगात नीट फिरतच नाही. म्हणून जाणता डॉक्टर आधी वजन करतो, कासव कुठे ठेवता, ऊन किती मिळते, काय खायला घालता हे विचारतो आणि मग औषधाचे पाहतो. कवच मऊ पडले असेल तर बाटलीतल्या कॅल्शियमइतकीच उन्हाची विचारपूस महत्त्वाची असते, हे त्याला ठाऊक असते.

मुळशीत यात पावसाची भर पडते. ताम्हिणी घाटात जुलै 2024 मध्ये एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. आणि चोरून सर्वाधिक विकले जाते ते, पाठीवर चांदण्या असलेले स्टार कासव, आहे कोरड्या, काटेरी झुडुपांच्या प्रदेशातले! चार महिने ओल्या भिंतींच्या घरात ते ठेवले की छाती भरते. आपल्यासारखा श्वासपटल त्याला नसतो, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकणे त्याला जमत नाही. नाकातून बुडबुडे येतात, ते तोंड उघडे ठेवून मान लांब करते. घरातले म्हणतात, आज बघा कसे ऐटीत बसले आहे.

मग ज्याला यातले काही कळत नाही त्याने जाणता डॉक्टर ओळखावा कसा? हा पेच जुना आहे. प्लेटोच्या ‘कार्मिडीस’ या संवादात सॉक्रेटिस याच ठिकाणी अडतो: खरा वैद्य आणि भोंदू यांतला फरक ओळखायला ओळखणारा स्वतःच वैद्य असावा लागेल. आपल्या परंपरेने हा पेच दुसऱ्या टोकाने हाताळला. वैद्यकाचे ज्ञान असल्याची ज्याची ओळख नाही त्याने उपचार केला आणि नुकसान झाले तर भरपाई त्याच्यावर, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. फिकहच्या जाणकारांनी त्यावर पुष्कळ चर्चा केली. नियत चांगली होती म्हणून सुटका नाही, हा त्यातला कडक भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. (जाता जाता: अरबीत जनावरांच्या डॉक्टराला ‘बैतार’ म्हणतात. तेराव्या शतकातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार यांच्या नावाचा अर्थच ‘जनावरांच्या वैद्याचा मुलगा’. हा पेशा आपल्याकडे कमी मानाचा कधीपासून झाला कोण जाणे.)

आजचा कायदा याच दिशेचा आहे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याने पशुवैद्यकाचा व्यवसाय करायचा नाही. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. जो दुकानदार कासव विकतो तोच पुडीतून औषधही देतो, त्याला तर हा प्रश्न जरूर विचारावा. पण क्रमांक परवानगीचा पुरावा आहे, कासवाच्या ज्ञानाचा नव्हे. तेथे आपल्यासारख्या अजाण माणसाच्या हाती एकच कसोटी उरते. डॉक्टरचे ज्ञान आपल्याला मोजता येत नाही, मात्र तो आपल्या ज्ञानाची सीमा कुठे आखतो हे दिसते. ‘हे माझ्याच्याने होणार नाही, अमक्याकडे न्या’ असे म्हणून जो फी सोडतो, तो आम्हाला भरवशाचा वाटतो. आपल्या लोकांना नेमके हेच पटत नाही. सुई न टोचता परत पाठवणारा डॉक्टर त्यांना कच्चा वाटतो.

येथवर सोपे होते. अवघड भाग पुढे आहे. चांगला डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतो: हे कासव आणले कुठून?

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. स्टार कासव पाळणे त्याखाली गुन्हा आहेच. 2022 च्या दुरुस्तीनंतर, 1 एप्रिल 2023 पासून, ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला गेले. आंतरराष्ट्रीय व्यापारावरची सर्वात कडक बंदी 2019 मध्ये आली. विहिरीत आढळणारे आपले मऊ पाठीचे कासवही पहिल्या अनुसूचीतलेच. तरीही बाजार चालतो. कोणी वास्तूसाठी घेतो, कोणी बरकतीसाठी, वीस नखांच्या कासवाने पैशाचा पाऊस पडतो म्हणून लाखांची बोली लावणारेही आहेत. या अंधश्रद्धेत कोणताच धर्म मागे नाही.

त्यामुळे ‘भरवशाचा डॉक्टर सांगा हो’ असे कोणी कानाशी येऊन म्हणतो तेव्हा भरवसा या शब्दाखाली बऱ्याचदा वेगळेच काही दडलेले असते. त्याला हवा असतो कोणाला न सांगणारा डॉक्टर. म्हणजे जो प्रश्न विचारणार नाही तो विश्वासू आणि जो विचारील तो धोक्याचा! विश्वासाचा अर्थ असा उलटा झाला की त्या गप्प बसण्याचा दामही रुग्णाकडून वसूल होतो. कारण प्रश्न न विचारणारा डॉक्टर ऊन, ओल, आहार हेही विचारत नाही. कागदावर काही लिहीत नाही. पुढच्या डॉक्टरकडे पाठवीतही नाही, कारण पाठवले तर गोष्ट फुटेल.

ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. आणि आपल्या वस्तीतला माणूस सरकारी कचेरीत नाव सांगताना जरा जास्तच चाचरतो, त्याला कारणे आहेत, ती येथे उगाळण्याची गरज नाही. मुलाच्या हट्टापायी आणलेले किंवा भाड्याच्या घरात आधीच्या बिऱ्हाडाने मागे ठेवलेले कासव घेऊन तो वनखात्यात जायचा म्हणजे त्याने आधी दहा वेळा विचार करावा, हे आम्ही समजू शकतो. पण या भीतीची किंमत कोणी मोजायची? ज्याने कायदा केला नाही, मोडला नाही आणि ज्याला कचेरी म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्या मुक्या जिवाने? आपल्यावर अविश्वास दाखवला जातो ही तक्रार रास्त असली तरी तिचे ओझे कासवाच्या पाठीवर ठेवता येणार नाही.

वाट अगदीच बंद नाही. याच कायद्याच्या 39 व्या कलमाप्रमाणे असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो आणि हाती आल्यापासून 48 तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे असते. वनखात्याचा 1926 हा क्रमांक त्यासाठी आहे. मुळशीच्या वाटेवर, बावधनला, वनखाते आणि रेस्क्यू ही संस्था मिळून वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र चालवतात. पुण्यात बरी केलेली स्टार कासवे विदर्भातील जंगलांकडे पाठवली गेली आहेत. मुदत उलटून गेली असेल तर आधी एखाद्या जाणत्या वकिलाला विचारावे, त्यात गैर काही नाही. आणि डॉक्टरने काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे. समोर धापा टाकणाऱ्या जिवाला ऊब द्यावी, तातडीचे उपचार करावेत, आणि त्याच बैठकीत मालकाला सांगावे की याची जागा येथे नाही, मी तुमच्याबरोबर फोन करतो. ‘तुमच्याबरोबर’ हा शब्द महत्त्वाचा. पाठीमागे कळवणाऱ्या डॉक्टरकडे उद्या कोणी कासव आणणार नाही, आणि झाकून ठेवणाऱ्याकडे आणलेले जगणार नाही.

मांजर बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्यातल्या लहान मुलांनाही माहीत असते. तिने त्या मांजराला खायलाही दिले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. टबमधल्या कासवाला दूध-पाव घालणारा म्हणतो, आम्ही तर खायला घालतो! गवत-पाला खाणाऱ्याला दूध-पाव घालणे हे कोणत्या बाजूला मोजायचे, याचा निवाडा वाचकांनीच करावा. पाळणे हेच पाप आहे असा मात्र याचा अर्थ नाही. छोट्या अबू उमैरचा पाळलेला पक्षी मेला तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्या मुलाची विचारपूस केली होती, त्याला दटावले नव्हते.

निगराणी म्हणजे काय हे पाहायचे तर दक्षिण अटलांटिक समुद्रातील सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथनकडे पाहावे. सुमारे 1832 मध्ये जन्मलेले हे प्रचंड कासव म्हातारपणी आंधळे झाले, वासही येईना. माती आणि पालापाचोळाच चघळू लागले. तेथील पशुवैद्य जो हॉलिन्स यांनी त्याला आठवड्यातून एकदा हाताने फळे-भाज्या भरवणे सुरू केले, आणि त्याची बोथट झालेली चोच पुन्हा धारदार झाली. त्यात शस्त्रक्रिया नव्हती की महागडे औषध नव्हते. आठवड्यामागून आठवडे कोणीतरी जात राहिले, एवढेच.

सोडून देणे हीच दया, असे समजणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. गालावर लाल पट्टा असलेले रेड इअर्ड स्लायडर हे अमेरिकेतले कासव आपल्याकडे नाण्याएवढे असताना विकले गेले आणि ताटाएवढे झाले. डॉक्टर मिळेना, टब पुरेना, म्हणून लोक ते तळ्यात सोडतात. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे; ते आपल्या कासवांची जागा आणि अन्न बळकावते. तेव्हा मुळशी धरणाचा काठ हा त्याच्यासाठी दवाखान्याला पर्याय नाही. ते तीस-चाळीस वर्षे जगू शकते. आणले असेल तर मोठी टाकी करावी लागेल, दिवा लावावा लागेल, आणि पौडहून पुण्यापर्यंत, सरपटणाऱ्या प्राण्यांचे ज्ञान असलेल्या डॉक्टरकडे, भोके पाडलेल्या बादलीत घालून ते न्यावे लागेल. पुढच्या तारखेलाही, त्याच्या पुढच्याही.