अल-फाशरची पेंड, दुबईचे सोने

शेंगदाण्याचे तेल काढल्यावर घाण्यात जो चोथा उरतो तो आपल्याकडे पेंड म्हणून गुरांपुढे टाकतात. सुदानमध्येही तो गुरांसाठीच असतो. तिथे त्याला ‘अंबाझ’ म्हणतात. २०२५ साली उत्तर दारफूरची राजधानी अल-फाशरमध्ये माणसे ही पेंड भिजवून खात होती. शेवटी शेवटी तीही मिळेनाशी झाली. ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ म्हणजे आरएसएफ या निमलष्करी दलाने मे २०२४पासून शहराला वेढा घातला होता. पुढे शहराभोवती मातीचा उंच बांध घातला गेला, म्हणजे रात्रीच्या अंधारातही कुणी पीठ घेऊन आत येऊ नये. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर पडले. त्यानंतर दोनच दिवसांनी तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात ४६०हून अधिक रुग्ण आणि त्यांचे सोबती मारले गेल्याचे वृत्त आले आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा जाहीर धिक्कार केला. रस्त्यांवरचे देहांचे आकार आणि लालसर झालेली जमीन संशोधकांनी उपग्रहाच्या छायाचित्रांत दाखवली.

या दीड वर्षात शहरात धान्य पोहोचू शकले नाही. जून २०२५मध्ये संयुक्त राष्ट्रांचा १५ ट्रकांचा ताफा अल-फाशरच्या वाटेवर अल-कोमापर्यंत आला, तिथे त्याच्यावर हल्ला झाला आणि पाच जण मारले गेले. वेढा घालणाऱ्यांना मात्र याच काळात तोफगोळे, ड्रोन, इंधन आणि नवी माणसे मिळत राहिली. ज्या वाळवंटातून ज्वारीचे पोते जात नाही, त्यातून तोफ कशी जाते, हा प्रश्न मला सुटत नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो की सुदानची हद्द लवकरच मागे पडते.

या युद्धाची ओळख बहुतेक वेळा दोन सेनापतींचे भांडण अशी करून दिली जाते. एकीकडे लष्करप्रमुख अब्देल फताह अल-बुरहान, दुसरीकडे आरएसएफचा प्रमुख मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती. आरएसएफला लष्करात विलीन करायला लष्कर दोन वर्षे म्हणत होते, हेमेदती दहा वर्षे मागत होता, आणि १५ एप्रिल २०२३ रोजी खार्तूममध्ये गोळीबार सुरू झाला. यात खोटे काही नाही. पण हे दोघे त्याआधी चार वर्षे भागीदार होते, हे या ओळखीत झाकले जाते. २०१९मध्ये सुदानी जनतेने रस्त्यावर उतरून ओमर अल-बशीरची तीस वर्षांची राजवट संपवली. लष्कराने बराकीत जावे आणि जंजावीद या सशस्त्र टोळ्या बरखास्त व्हाव्यात, अशी जनतेची मागणी होती. ३ जून २०१९ रोजी लष्करी मुख्यालयासमोर धरणे धरून बसलेल्या तरुणांची कत्तल झाली, शंभराहून अधिक मेले. तेव्हा सत्ताधारी लष्करी परिषदेचा प्रमुख बुरहान होता आणि उपप्रमुख हेमेदती. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी नागरी सरकार उलथवले तेही दोघांनी मिळून. जनतेला सत्तेपासून दूर ठेवण्यावर दोघांचे एकमत होते, वाद फक्त वाट्याचा होता.

दुसरे सोपे उत्तर म्हणजे अरब विरुद्ध आफ्रिकी, पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. दारफूरमध्ये गुरे चारणारे आणि शेती करणारे यांच्यात पाण्यावरून, कुरणांवरून तंटे होतेच, आणि दुष्काळाच्या वर्षांत ते चिघळत. पण ते मिटवण्याच्या जुन्या रीतीही होत्या. २००३मध्ये दारफूरमध्ये बंड झाले तेव्हा बशीर सरकारने अरब टोळ्यांना हत्यारे, पगार आणि मोकळीक दिली. तेच जंजावीद. २०१३मध्ये त्यांनाच गणवेश देऊन आरएसएफ उभी केली गेली. २०२३मध्ये अल-जिनैना शहरात मसालित या बिगर-अरब समाजाला घराघरांतून शोधून मारले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या अहवालात तिथल्या मृतांचा अंदाज दहा ते पंधरा हजार असा आहे. शेजाऱ्यांतला राग एवढी माणसे मारू शकत नाही. त्याला पगारी फौज लागते.

आणि बाजूही दोनच उरलेल्या नाहीत. दारफूरमधल्या जुन्या बंडखोर संघटनांतले मिनी मिनावी आणि जिब्रील इब्राहीम आज लष्कराबरोबर आहेत. नुबा पर्वतातला अब्देलअझीझ अल-हिलू बशीरशी कित्येक वर्षे लढला, त्याने फेब्रुवारी २०२५मध्ये आरएसएफशी हातमिळवणी केली. अबू आकला कैकल आरएसएफचा सेनानी होता, ऑक्टोबर २०२४मध्ये तो लष्कराकडे गेला. बशीरच्या काळातल्या इस्लामवाद्यांच्या तुकड्या लष्कराच्या खांद्याला खांदा लावून लढताहेत. इतक्या सहज कोलांट्या मारता येतात, म्हणजे लढाई तत्त्वाची नाही, एवढे तरी दिसते.

या सगळ्यांना पोसते कोण? मला वाटते, सर्वांत मोठे उत्तर सोने हे आहे. २०११मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला आणि देशाचे सुमारे तीन-चतुर्थांश तेल त्याच्याबरोबर गेले. पाठोपाठ उत्तर दारफूरमध्ये जबल आमिरला सोने सापडले. २०१७मध्ये हेमेदतीने त्या खाणींवर ताबा मिळवला. त्याच्या कुटुंबाची ‘अल-जुनैद’ ही कंपनी सोन्याचा व्यापार करते आणि जून २०२३मध्ये अमेरिकेने तिच्यावर निर्बंध घातले. तेल विकायला नळवाहिनी, बंदर आणि सरकार लागते. सोन्याला एक छोटे विमान पुरते.

हे सोने मुख्यतः संयुक्त अरब अमिरातीत जाते. आरएसएफला चादमधल्या आमजरास विमानतळामार्गे अमिरातीकडून शस्त्रे मिळत असल्याचे आरोप विश्वासार्ह असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने जानेवारी २०२४च्या अहवालात म्हटले. अमिराती ते नाकारते. ही ओळख आजची नाही: २०१५नंतर येमेनच्या युद्धात सौदी आणि अमिरातीच्या बाजूने लढायला हेमेदतीची माणसे गेली होती. दुसऱ्या बाजूचेही पुरवठादार आहेत. लष्कराला इजिप्तचा पाठिंबा आहे, इराण आणि तुर्कस्तानकडून ड्रोन मिळाले आहेत. रशियाचा वॅग्नर गट आधी आरएसएफच्या जवळचा होता. नंतर मॉस्को लष्कराकडे झुकले आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सुरक्षा परिषदेतला युद्धबंदीचा ठराव रशियाने नकाराधिकार वापरून पाडला. शस्त्रबंदी आहे, पण ती २००४पासून फक्त दारफूरपुरती. उरलेल्या देशात हत्यारे उतरवायला ती आड येत नाही.

एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. मार्च २०२५मध्ये बुरहानच्या सरकारने अमिरातीला वंशसंहारात सहभागी असल्याच्या आरोपाखाली आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. ५ मे रोजी न्यायालयाने अधिकारक्षेत्र नसल्याने खटला काढून टाकला, आणि दुसऱ्या दिवशी सुदानने अमिरातीशी राजनैतिक संबंध तोडले. आणि त्याआधीच्या वर्षात, २०२४मध्ये, याच सरकारच्या हद्दीतून अधिकृतपणे निर्यात झालेले जवळजवळ सगळे सोने अमिरातीलाच विकले गेले होते. म्हणजे एकाच बाजारात दोन्ही फौजांचे सोने जाते. दोघेही एकाच गिऱ्हाइकाच्या पैशावर एकमेकांची शहरे जाळत आहेत.

याची किंमत कोण मोजते ते आकड्यांत पुरते सांगता येत नाही, कारण मोजणारी यंत्रणाच कोसळली आहे. लंडनच्या ‘स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन’च्या अभ्यासकांनी एकट्या खार्तूम राज्यात पहिल्या १४ महिन्यांत ६१ हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. त्यांतले सुमारे २६ हजार थेट हिंसेचे होते. बाकीच्यांचा जीव बहुतांशी रोगराईने आणि उपासमारीने घेतला. सव्वा कोटीच्या आसपास माणसे घरातून उठली. अल-फाशरजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट २०२४मध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. त्याच्या सहा महिने आधी तिथे दर दोन तासांना एक मूल मरते आहे, असे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने सांगितले होते. हा पाऊस न पडल्याचा दुष्काळ नव्हता. आरएसएफने वाटा अडवल्या. आणि चादमधून येणारा अद्रेचा रस्ता लष्कराच्या सरकारने २०२४मध्ये कित्येक महिने बंद ठेवला, हेही विसरता कामा नये.

या अंधारात काही उभे राहिले असेल तर ते वस्त्यावस्त्यांतल्या ‘आपत्कालीन मदत खोल्या’. २०१९च्या क्रांतीत मोहल्ल्यांच्या प्रतिकार समित्या होत्या, त्यांतलीच ही मुले-मुली. सार्वजनिक चुली, म्हणजे ‘तकाया’, पेटवायच्या, कढईभर ‘फूल’ (बाकल्याची उसळ) किंवा मसूर शिजवायची, जखमींना दवाखान्यात न्यायचे, प्रेते पुरायची. दोन्ही फौजांनी यांच्या स्वयंसेवकांना पकडले, मारले. समोरच्याला मदत करता असा दोघांचाही आरोप. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा अशा शेकडो चुली विझल्या. त्याच वर्षी या खोल्यांना ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला. माझ्या मते सुदानचे सरकार आज कुठे असेल तर ते इथे आहे, आणि शांततेच्या चर्चांना बोलावणे मात्र बंदूकवाल्यांनाच जाते.

आपला यात काय संबंध, असे कुणी विचारेल. जुना संबंध खडकवासल्याला उभा आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या देणगीतून ती बांधली गेली. पुण्याच्या महाविद्यालयांत सुदानी विद्यार्थी कित्येक वर्षे शिकत आले आहेत. पण आजचा खरा संबंध सराफकट्ट्यावरचा आहे. भारत ज्यांच्याकडून सोने घेतो त्या देशांत अमिराती आघाडीवर आहे. दुबईत निरनिराळ्या खाणींचे सोने एकत्र वितळते आणि त्याचा माग पुसला जातो. पाडव्याला घेतलेल्या वळ्यात दारफूरचा कण आहे की नाही, हे ना सोनार सांगू शकतो ना आपण. हॉलमार्क शुद्धता सांगतो, खाण सांगत नाही.

ही अडचण दूर करता येणारी आहे. मे २०२२मध्ये लागू झालेल्या भारत-अमिराती व्यापार करारानुसार ठरावीक मर्यादेपर्यंतचे, वर्षाला २०० टनांपर्यंत वाढत जाणारे सोने एक टक्का कमी शुल्कात येते. ही सवलत भारत देतो. ज्या सोन्याची खाणीपासूनची साखळी कागदोपत्री आणि स्वतंत्र तपासणीने सिद्ध होईल तेवढ्यालाच ती द्यावी, असा आग्रह दिल्ली धरू शकते. सुदानचे सोने आधी शेजारच्या देशांत नेऊन तिथले म्हणून खपवले जाते, हे खरे. म्हणून कागदावर न थांबता शुद्धीकरण कारखान्यांची तपासणीही मागायला हवी. त्याने युद्ध उद्या थांबेल असे नाही. पण तोफेचा गोळा महाग होईल. आणि एवढे करायला सुरक्षा परिषदेत कुणाचा नकाराधिकार आडवा येत नाही.