खिळा कोणाचा?

"बाई, मालक मेला, वारस कुणी नाही आणि वस्तू रस्त्यात पडलेली आहे. ती उचलली तर चोरी होते का?" सहावीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले होते. 'अमानत' या शब्दाचा अर्थ सांगणे चालू होते. मी घाईने "होते" म्हणाले आणि लहानपणी घरी ऐकलेले वाक्य पुढे जोडले : परक्याची वस्तू घरात आली की बरकत जाते. मुले गप्प झाली, तास संपला. आपण उत्तर दिले नाही, मुलांना फक्त भीती घातली, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले अमेरिकेतल्या एका ओसाड गावात. मे महिन्याच्या सुटीत मी आपाकडे कॅलिफोर्नियाला गेले होते. दुल्हेभाई आम्हांला सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेला असलेले बोडी दाखवायला घेऊन गेले. मोठा रस्ता सोडून 13 मैल आत जायचे, त्यांतले शेवटचे 3 मैल कच्चे. गाव 8,379 फूट उंचीवर. सावलीला एक झाड नाही. वारा, खुरटी झुडपे आणि उन्हाने काळवंडलेली लाकडी घरे.

1859 मध्ये बोडी नावाच्या माणसाला इथे सोने सापडले आणि त्याच हिवाळ्यात हिमवादळात सापडून तो मेला. गावाला त्याचे नाव मिळाले. त्याला सोने लाभले नाही. 1876 मध्ये स्टँडर्ड कंपनीला मोठे घबाड लागले आणि 1880 च्या सुमारास वस्ती काही हजारांवर गेली. मग सोने आटले, माणसे पांगली. 1892 आणि 1932 च्या आगींनी गावाचा मोठा भाग जाळला. 1942 मध्ये युद्धामुळे सरकारने सोन्याच्या खाणी बंद करायला लावल्या. 1962 पासून हे गाव राज्य सरकारच्या ताब्यात ऐतिहासिक उद्यान म्हणून आहे. शंभरावर इमारती अजून उभ्या आहेत. छप्पर गळू नये, भिंत पडू नये, एवढीच डागडुजी करतात. नवे काही करत नाहीत. घरांत धुळीने माखलेली भांडीकुंडी तशीच आहेत. शाळेच्या खिडकीला नाक लावून मी बराच वेळ उभी होते. आत बाके, फळा, पृथ्वीचा गोल. सुटीनंतर मुले परत यायची राहून गेलीत, असे वाटले.

तेवढ्यात आपाच्या नऊ वर्षांच्या मुलाने एक गंजका खिळा उचलून खिशात टाकला. मी पाहिले आणि बोलले नाही. मनात आले, एका खिळ्याने काय होते?

पुढे तिथल्या लहानशा संग्रहालयात काही पत्रे मांडून ठेवलेली होती. कुणी इथून खिळा नेला, कुणी दगड, कुणी काचेचा तुकडा. नंतर कुणाचा अपघात झाला, कुणाची नोकरी गेली, कुणी आजारी पडले. या गावाचा शाप लागला असे मानून त्यांनी त्या वस्तू टपालाने परत पाठवल्या, माफी मागितली. चोऱ्या थांबाव्यात म्हणून शापाची ही गोष्ट रखवालदारांनीच पसरवली, असेही सांगतात. दुल्हेभाईंनी एक पत्र मोठ्याने वाचले, तसा मुलाचा चेहरा उतरला. खिळा माझ्या हातात देत म्हणाला, "खाला, अब्बूंच्या गाडीला काही झाले तर?"

हे माझ्या सहावीच्या मुलांचेच तोंड होते. खिळा परत आला खरा, पण त्या मुलाला तो कोणाचा हे कळले होते का? उद्या शाप खोटा आहे असे कळले, तर त्याचा हात कोण अडवणार? भीतीने आलेला प्रामाणिकपणा भीती आहे तोवरच टिकतो.

आणि भीती गाठते तरी कोणाला? स्टँडर्ड कंपनीने 25 वर्षांत या डोंगरातून सुमारे दीड कोटी डॉलरचे सोने-चांदी काढले. ही भूमी पायूट आदिवासींची होती. ज्या पिन्यॉन झाडांच्या बियांवर ते हिवाळा काढत, ती झाडे या गावाला सरपण म्हणून तोडली गेली. तिथे मालक मेलेला नव्हता, समोर उभा होता. गावाच्या कबरस्तानालाही कुंपण आहे. ज्यांना गावाने इज्जतदार मानले नाही, त्यांना कुंपणाबाहेर पुरले. त्या सोन्याबद्दल, त्या झाडांबद्दल, त्या कबरींबद्दल माफीचे एकही पत्र त्या काचेआड मला दिसले नाही. खिळा नेणारा शापाला घाबरतो. डोंगर नेणाऱ्याच्या नावाने पाटी लागते. मग शापाच्या भरवशावर मुलांना नीतीची तालीम कशी द्यायची?

मी भाच्याला घेऊन जिथून खिळा उचलला तिथे परत गेले. एका घराच्या भिंतीला बोट लावून दाखवले. "बघ, ही फळी किती खिळ्यांवर उभी आहे? इथे येणाऱ्या प्रत्येकाने एकेक नेला तर?" तो मोजत राहिला. मग म्हणाला, "घर पडेल. मग आपल्यानंतर येणाऱ्यांना दिसणार नाही." त्याने खिळा जमिनीवर ठेवला. या वेळी त्याला गाडीची आठवण झाली नाही.

जून महिन्यात शाळा उघडली. तो मुलगा आता सातवीत गेला आहे. मी त्याच्या वर्गात जाऊन सांगितले की बरकतीचे ते वाक्य मी मागे घेते. मुलांसमोर शब्द मागे घेताना शिक्षकाची जीभ जड होते, माझीही झाली. म्हटले, मालक जिवंत आहे का, एवढेच विचारून भागत नाही. मी ही वस्तू उचलली तर कोणाच्या वाट्याचे कमी होते, ते आधी पाहावे. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "पण बाई, ज्याचे कमी होते तो आपल्याला दिसतच नसेल तर?"

या वेळी मी घाई केली नाही. फळ्यावर त्याचा प्रश्न लिहिला आणि वर्गाला म्हटले, चला, शोधू या.