काटा मधोमध आहे

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? बहुतेक आठवणार नाही. तो मधोमध असतो तोवर आपलं त्याच्याकडे लक्षच नसतं. वर चढला की मात्र पहिला विचार मनात येतो तो असा: काटाच बिघडला असणार.

माझ्या बाबतीत एकदा खरोखरच बिघडला होता. कॅलिफोर्नियातून लास व्हेगसला जाताना इंटरस्टेट १५ वर बेकर नावाचं छोटंसं गाव लागतं. तिथे १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे, डेथ व्हॅलीत १९१३ साली नोंदल्या गेलेल्या १३४ अंश फॅरनहाइट तापमानाची आठवण म्हणून. तुमच्यापैकी अनेकांनी तिथे थांबून फोटो काढले असतील. गाव संपलं की लांबलचक चढ सुरू होतो आणि इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशा पाट्या दिसतात. जुलैतल्या दुपारी त्या चढावर आमच्या जुन्या गाडीचा काटा एका झटक्यात लाल रेघेपलीकडे गेला. मी खिडक्या उघडल्या, हीटर पूर्ण सोडला (त्या उन्हात! पण इंजिनची उष्णता बाहेर काढायचा तो एक मार्ग असतो) आणि गाडी कडेला घेतली.

वाफ नव्हती. कूलंटचा तो गोडसर वासही नव्हता. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही एवढी अक्कल होती, म्हणून स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला. तो म्हणाला १९८ अंश, म्हणजे अगदी नेहमीचं तापमान. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत दोन सेन्सर असतात, एक कॉम्प्युटरसाठी आणि एक फक्त काट्यासाठी. काट्याच्या सेन्सरचा विद्युतरोध तापमान वाढलं की कमी होतो. त्याची वायर काढून घेतली तर काटा खाली यायला हवा, आणि वायरचं टोक इंजिनच्या धातूला टेकवलं तर पार वर जायला हवा. आमची वायर एका जागी घासून उघडी पडली होती आणि धातूलाच टेकत होती. म्हणजे काटा धडधाकट होता, सेन्सरही धडधाकट होता. निरोपच मधल्यामध्ये बिघडत होता. चिकटपट्टी गुंडाळली आणि निघालो. व्हेगसला पोचेपर्यंत मी तीनदा तरी बायकोला म्हणालो असेन, "बघ, म्हटलं नव्हतं?"

पुढच्याच हिवाळ्यात तो काटा पुन्हा विचित्र वागला, पण या वेळी खाली आला. बायको म्हणाली, "हीटरमधून गार हवा येतेय." मी म्हणालो, "ती वायर पुन्हा सुटली असेल." आणि गाडी चालवत राहिलो. खरं कारण असं की एक होज फुटून कूलंट वाहून गेलं होतं. सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच त्याला पाण्याचं तापमान कळतं. पाणीच उरलं नाही तर तो नुसता हवेत लटकत राहतो आणि काटा खुशाल खाली येऊ शकतो. हीटरमधली गार हवाही तेच सांगत होती. ते इंजिन गेलं.

चूक कुठे झाली याचा मी बराच विचार केला आहे. वाईट बातमी देणाऱ्या काट्याची मी बेकरच्या चढावर कसून उलटतपासणी केली होती. चांगली बातमी देणाऱ्या काट्याला मी एक प्रश्नही विचारला नाही.

नव्या गाड्यांत तर ही गोष्ट मुद्दामच करून ठेवलेली असते. इंजिनचं तापमान वीस-पंचवीस अंशांनी वरखाली झालं तरी काटा मधोमध स्थिर राहील अशी सोय करतात. काटा जरासा हलला की लोक घाबरून गाडी गॅरेजमध्ये आणतात, म्हणून. त्यामागचा युक्तिवाद साधा आहे: एवढी माहिती मिळून तुम्ही करणार काय होतात?

हे वाक्य मला ओळखीचं वाटलं, कारण ते मी सांगलीहून ऐकलं होतं. आई न्हाणीघरात घसरली, मनगट मोडलं, प्लास्टर घातलं आणि सहा आठवड्यांनी काढलं. त्या सहा आठवड्यांतल्या प्रत्येक रविवारी फोनवर "बरी आहे रे, तुमचं सांगा" एवढंच. कळल्यावर मी चिडलो, तेव्हा ती म्हणाली, "सांगून तू तिथून काय करणार होतास?"

खरं सांगायचं तर काही नाही. पण माझा काटा कुठवर मधोमध ठेवायचा हे तिने परस्पर ठरवावं, हे मला पटत नाही. गाडी बनवणाऱ्यांनी निदान एक हद्द आखलेली असते, त्यापलीकडे काटा चढतोच. आईची हद्द कुठे आहे, ती आहे तरी का, मला कसं कळणार?

स्कॅनर इथेही मिळतो. शेजारच्या काकूंचा नंबर माझ्याकडे आहे आणि त्या आकड्यांसकट सगळं सांगतात: साखर किती, जिना चढताना किती वेळा थांबली. पण गाडीच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला म्हणून गाडीचा अपमान होत नाही. आईच्या "बरी आहे"ची तिच्या पाठीमागे पडताळणी करणं म्हणजे तिचा शब्द पुरेसा नाही असं म्हणणंच आहे, आणि तेही तिला न सांगता. तुम्ही करता का असं? माझ्या ओळखीत बरेच जण करतात, आणि त्याला काळजी म्हणतात. मीही काही महिने केलं. मग ते लपवणं मला आईच्या लपवण्याहून वाईट वाटायला लागलं आणि एका रविवारी तिला सांगून टाकलं: "मी काकूंना फोन करतो. पुढेही करीन."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कर. पण तुझी नोकरी गेली होती, त्या दोन महिन्यांत मी कुणाला फोन करायला हवा होता, तेही सांगून ठेव."