बसायची जागा

भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यात एकोडी हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. अशा गावात लॅपटॉप घरात येतो तो बहुधा एकच, आणि त्याच्यावर घरातल्या सगळ्यांची कामं टांगलेली असतात. मुलीचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलाचा स्पर्धा परीक्षेचा सराव, काकांच्या धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी. लाईन गेली की बॅटरीत जेवढं उरलं तेवढ्यात हे सगळं उरकायचं असतं. म्हणून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. बॅटरी टिकत नाही, आणि रेंज धरत नाही. पहिलीसाठी आपण साकोलीचं दुकान गाठतो, दुसरीसाठी टॉवरला बोल लावतो. माझं मत असं, की या दोन्ही तक्रारींचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे, आणि त्यावरचा पहिला उपाय दुकानात मिळत नाही. आपण लॅपटॉप घेऊन बसतो कुठे, हे आधी पाहायला हवं.

वायफायचं काम कसं चालतं ते पाहिलं की हे पटतं. राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटा संदेश सोडत असतो. लॅपटॉपमधला रेडिओ तेवढ्यापुरता जागा होतो, आपल्यासाठी काही आलंय का ते पाहतो, आणि काही नसेल तर पुन्हा झोपतो. बॅटरीची बचत या झोपेत आहे. रेंज चांगली असेल तर निरोप क्षणात येतो, क्षणात जातो, आणि रेडिओ पुन्हा निवांत. रेंज क्षीण असेल तर तोच निरोप हळू वेगाने पाठवावा लागतो, वाटेत अर्धा गळतो, पुन्हा पाठवावा लागतो. बांधीच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या माणसाशी बोलताना एकच वाक्य तीनदा ओरडावं लागतं, तसं. एक पान उघडायला पाच मिनिटं लागली, तर ती पाच मिनिटं फक्त रेडिओ जागा नसतो. पडदा उजळलेला असतो, पंखा फिरत असतो, प्रोसेसर ताटकळत असतो. खरी बॅटरी तिथे जाते.

हिशेब सोपा आहे. साधारण लॅपटॉपची बॅटरी चाळीस ते साठ वॅट-तासांची असते. ती 45 वॅट-तासांची धरली आणि यंत्र 9 वॅट खात असेल, तर पाच तास मिळतात. तेच 15 वॅट खाऊ लागलं, तर तीन. हे मधले सहा वॅट कुठे जातात? पडद्याचा उजेड हा मोठा खाऊ आहे. सावलीत बसून तो निम्म्यावर आणला, तर डोळ्यांनाही बरं आणि बॅटरीलाही. उघडून विसरलेल्या खिडक्या, आपोआप चालू होणारे व्हिडिओ, मागे गुपचूप उतरणारे अपडेट, हे उरलेले भागीदार.

गावात बरेच जण राऊटर वापरतच नाहीत, मोबाइलचं हॉटस्पॉट वापरतात. इथे गोष्ट आणखी स्पष्ट होते. मोबाइलला दोन ठिकाणी बोलायचं असतं, लांबच्या टॉवरशी आणि जवळच्या लॅपटॉपशी. टॉवरचा संकेत कमी पडला की मोबाइल आपलं बळ वाढवतो, पण 4जी मोबाइलचं बळ मुळातच फार तर पाव वॅटच्या आतलं. टॉवर आपण हलवू शकत नाही. मोबाइल हलवू शकतो. तो टॉवरच्या दिशेच्या खिडकीत, उंचावर ठेवायचा आणि लॅपटॉप त्याच्यापासून दोन-चार हातांवर. मोबाइल केबलने जोडला तर जोडणी पक्की होते, पण तो लॅपटॉपमधूनच चार्ज होऊ लागतो. लाईन नसताना हे लक्षात ठेवायला हवं.

अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेतही पोचणारी शक्ती चौथाईवर येते. मग मध्ये भिंती आल्या तर काय होत असेल? जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती ओल धरतात, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. माणसाचं शरीरही शोषतं. टिनाचं छप्पर, लोखंडी कपाट, डासांसाठी लावलेली बारीक लोखंडी जाळी, पितळी भांड्यांनी भरलेली फळी, या साऱ्यांवरून लहरी परत फिरतात. पावसाळ्यात रेंज गेली की आपण पावसाला दोष देतो. खरं तर 4जी आणि वायफायच्या लहरींना पावसाच्या थेंबांचा फारसा अडथळा होत नाही, पावसाने भिजलेल्या दाट पानांचा होतो. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटर लांबीची. ती भिंतीपार बऱ्यापैकी जाते. 5 गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण ती भिंतीशी लवकर हरते. म्हणून राऊटरच्याच खोलीत 5 निवडावं, पलीकडच्या खोलीत 2.4. आणखी एक, बऱ्याच लॅपटॉपचे अँटेना पडद्याच्या चौकटीत वरच्या कडेला बसवलेले असतात. झाकण अर्धवट मिटून, मांडीवर वाकून काम केलं तर आपणच त्यांच्या आड येतो.

आता बॅटरीचं स्वतःचं दुखणं. लिथियम-आयन बॅटरी सोनीने 1991 साली बाजारात आणली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेपण. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, आणि टिनाखालची खोली त्याहून तापते. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला तर त्याची हवेची वाटही बुजते. बॅटरीचे अभ्यासक देतात त्या आकड्यांनुसार पूर्ण भरलेली बॅटरी 40 अंशांत वर्षभर ठेवली, तर तिची जवळपास एक तृतीयांश क्षमता जाते. चाळीस टक्के भरून ठेवली तर नुकसान त्याच्या निम्म्याहूनही कमी. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. लाईन बरी असते त्या दिवसांत ती चालू ठेवावी, परीक्षेच्या किंवा अर्जाच्या शेवटच्या दिवशी बॅटरी खुशाल शंभर टक्के भरावी.

ही काळजी मला महत्त्वाची वाटते, कारण इथे बॅटरीचा एक तास म्हणजे चैन नव्हे. अर्जाची मुदत रात्री बाराला संपते आणि संध्याकाळी लाईन जाते, तेव्हा त्या एका तासावर पोरीचं वर्ष अवलंबून असतं. नवी बॅटरी घ्यायला घरातून पैसे काढणं सोपं नसतं. म्हणून दुकानात जाण्याआधी विंडोजमधला बॅटरीचा अहवाल काढून पाहावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिलेली असते. आजची मूळच्या निम्म्याच्या आसपास आली असेल तर बॅटरी खरंच थकली, बदलावी. ऐंशी-नव्वद टक्के असेल, तर बॅटरीचा दोष नाही. तेव्हा पडदा, ऊन आणि बसायची जागा तपासावी.

यात एक काम मात्र एकट्या घराचं नाही. ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटची तार नेण्याची केंद्राची योजना 2011 साली मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट नाव मिळालं. तार आली तिथेही राऊटर चोरीच्या भीतीने लोखंडी कपाटात किंवा कुलूपबंद खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला असला, तर त्याचं बळ चार भिंतींतच संपतं. सरपंचांना, मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. राऊटर कपाटातून काढून भिंतीवर माणसाच्या डोक्याहून उंच, इमारतीच्या मध्यावर बसवा. त्याच्यापासून दहा-पंधरा पावलांवर सावलीत चार बाकं टाका, जवळ एक प्लगचा बोर्ड द्या, आणि संध्याकाळी पोरांना तिथे बसू द्या.