पुस्तक कुणाच्या आवाजात?

पुलंची 'म्हैस' तुम्ही वाचली आहे की ऐकली आहे? बहुतेकांनी ऐकलीच असेल. मग छापील पान उघडलं तरी कानात पुलंच बोलतात. लेखकाच्या आवाजाची ही ताकद, आणि अडचणही: आपला कंडक्टर आपण कल्पायची मोकळीक उरत नाही.

ऑडिओबुक करताना लेखकापुढे हाच प्रश्न येतो. स्वतः वाचावं का? लिहिता येणं म्हणजे वाचता येणं नव्हे. दमसास, विराम, पात्रांचे आवाज हे वेगळं कसब आहे, त्यावर कुणाचं तरी पोटही आहे. कादंबरी खुशाल त्यांच्या हाती द्यावी.

आत्मकथनाचं मात्र तसं नाही. तिथे 'मी' म्हणणारा माणूस खरा असतो. 'पानी' म्हटल्याबद्दल ज्याला वर्गात हसले, त्याचं आयुष्य घोटीव प्रमाण उच्चारांत ऐकवलं, तर ती बोली पुन्हा एकदा दाराबाहेरच राहते.

'माझा आवाज चांगला नाही' असं वाटत असेल, तर एवढंच विचारून बघावं: चांगला म्हणजे कुणासारखा?